हाकेचा नियम

दिपेश पागधरेबद्दल चांगलं लिही असं मला कुणीच सांगितलेलं नाही, त्यामुळे जे घडलं ते लिहिते. तो सातपाटीचा, मी पालघरची. दिवसा आम्ही दोघं बोईसरला, खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात कामाला. तो छपाईचे रंग तपासतो, मी औषधांच्या खोक्यांवरची चित्रं जुळवते. उरलेल्या वेळात तो प्रकाशक असतो. हा शब्द त्याचा. त्याची प्रकाशन संस्था म्हणजे आईच्या घरातलं एक लोखंडी कपाट, एक लॅपटॉप आणि मी, फुकटची चित्रकार.

तो खेळांची पुस्तकं काढतो. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि काय जमलं, काय फसलं ते फाशांनी ठरवायचं. मूळ नियम परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचे. त्यांच्यावर बेतलेल्या नव्या गोष्टी कुणीही लिहाव्यात, विकाव्यात, एवढी मोकळीक कंपनी देते. त्यामुळे जगभर असे शेकडो दिपेश आहेत आणि बहुतेक सगळे तेच तेच राक्षस नि तेच तेच किल्ले लिहितात. दिपेशनं मात्र बोट लिहिली. मासे मारणारी बोट, ती चालवणारा एक तांडेल, पाच खलाशी आणि खवळलेला दर्या. चार वर्षं तो त्यावर राबला. आयुष्यात हे एक काम त्यानं खरोखर मन लावून केलं, एवढं मी कबूल करते.

त्या पुस्तकाचा जीव होता हाकेच्या नियमात. दुसऱ्या बोटीची हाक आली की कोण, कुठले हे विचारायचं नाही. पाण्यातलं जाळं ओढत बसायचं नाही. ते कापायचं आणि जायचं. ज्यानं जाळं कापलं त्याच्या हाती त्या दिवशी काही लागत नाही, पण पुढच्या खेळात वाचलेल्यांनी आपली कामं सोडून त्याला नवं जाळं विणून द्यायचं. हे काही दिपेशच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्याच्या जन्माआधी त्याच्या वडिलांची बोट भर समुद्रात फुटली, तेव्हा घिवली गावच्या एका बोटीनं भरलेलं जाळं असंच कापलं होतं. मग सातपाटीत त्यांच्या आळीनं बसून घिवलीवाल्यांचं जाळं विणलं. ही हकिगत दिपेश मला दर दोन महिन्यांनी ऐकवायचा, जसं काही ते जाळं त्यानंच कापलं होतं.

मग कंपनीनं नियमांची नवी आवृत्ती काढली. दुसरं काही सुचलं नाही की या कंपन्या नवी आवृत्ती काढतात, असं माझं मत आहे. छोट्या प्रकाशकांची पळापळ तर बघण्यासारखी होती. कालपर्यंत जुन्या नियमांवर जीव ओवाळून टाकणारे आठवडाभरात त्यांना नाकं मुरडू लागले. काहींनी मोठा आव आणला की आता आम्ही आमचे स्वतःचे नियम लिहिणार, आणि होते तिथेच बसून राहिले. बोईसरच्या सुजीतनं तर कमाल केली. त्याच्या पुस्तकातला दलदलीतला राक्षस आधी तीन घावांत मरायचा, तो आता पाच घावांत मरायला लागला. बाकी एक ओळ बदलली नाही. वेष्टनावर छापलं, 'नव्या आवृत्तीसाठी संपूर्ण पुनर्लेखन'. आणि या माणसाला दिपेशनं गुरू केलं.

दिपेशची भीती खोटी नव्हती. ही पुस्तकं इंटरनेटवरच्या ज्या दुकानात विकली जातात तिथे नव्या आवृत्तीची पुस्तकं वर आणि जुनी पार तळाला जाऊ लागली होती. कॅनडातली चार पोरं त्याची बोट खेळायची, फोटो पाठवायची. ते फोटो त्यानं कारखान्यातल्या शिपायालासुद्धा दाखवले होते. आता आपली बोट कुणाला दिसणारच नाही, या विचारानं त्याला जेवण जाईना.

सुजीतनं शहाणपण पाजळलं. नव्या आवृत्तीत खेळणाऱ्याकडून त्याच्या मर्जीविरुद्ध काही काढून घेणं बसत नाही, म्हणाला, आणि प्रत्येक प्रसंगाला बक्षीस हवं. जाळं कापायचं नि हात हलवत परत यायचं, असला नियम कोण खेळणार? त्याला एका चौकटीत टाक आणि वर लिही, 'हवं असल्यास'. दिपेशनं ऐकलं. ज्या नियमासाठी पुस्तक लिहिलं तो नव्वदाव्या पानावर बारीक अक्षरांत जाऊन पडला.

मलाही काम लागलं. मुखपृष्ठावर मी अगदी सुरुवातीलाच एक हात काढला होता, जाळ्याच्या ताणलेल्या दोरावर सुरी धरलेला. सुरी काढून टाक, असा दिपेशचा निरोप आला. मी दोन दिवस टोमणे मारले आणि काढून टाकली. हात तसाच राहिला, नुसता दोर धरून, कपडे वाळत घालायला निघाल्यासारखा. तेव्हा मी फार हसले होते.

छापण्याआधी एकदा खेळून बघायचं ठरलं. जून महिना, मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या. रविवारी दुपारी सातपाटीला दिपेशच्या घरी आम्ही जमलो. गोष्ट सांगायला दिपेश. खेळायला सुजीत, मी आणि नवशाकाका. हे दिपेशच्या वडिलांचे थोरले भाऊ. त्या फुटलेल्या बोटीचे तांडेल तेच होते. दिपेशची आई, हिराबाय, बाजूला सुपात जवळा निवडत बसली होती. खेळात तांडेल आपणच होणार असा हट्ट सुजीतनं धरला, आणि चाळीस वर्षं बोट चालवलेल्या माणसाला त्यानं खलाशी केलं. जो सुजीत सातपाटीच्या धक्क्यावर पाय घसरेल म्हणून भिंत धरून चालतो, त्याची मिजास ही.

खेळ रंगला होता. जाळं भरत आलं होतं, गुण वाढत होते. दिपेशनं सांगितलं की दक्षिणेकडून हाक येतेय, एक बोट बुडतेय. काका लगेच सरसावून बसले. सुजीतनं पुस्तक चाळलं, तिकडे जाण्याचे गुण कुठेच नाहीत हे पाहिलं आणि म्हणाला, जाळं ओढा. मी खलाशी होते. मीही गप्प बसले, कारण मलाही गुण मिळत होते. दिपेशनं पुढचं वाचलं. हाक हळूहळू थांबली, बोट भरून बंदराला लागली. सुजीतनं फासे गोळा केले.

"ती बोट?" काकांनी विचारलं.

दिपेशनं त्यांना नव्वदावं पान दाखवलं. त्या बोटीकडे जायचं ते हवं असल्यास, असं सांगितलं. नवी आवृत्ती, दुकान, कॅनडातली पोरं, सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, आपला फासा टेबलावर ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर ते आत आले नाहीत.

हिराबायनं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही.

"घिवलीवाल्यांनी हवं असल्यास म्हटलं असतं, तर तुजा बाप दर्यातच रायला असता. तू झालाच नसतास."

दिपेशचे वडील सहा वर्षांपूर्वी गेले, घरी, अंथरुणावर, सगळे भोवती असताना. ते मला त्या क्षणी आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"आये, हा नुसता खेळ हाय," दिपेश म्हणाला.

"खरं जाळं कापायला तुला कोन सांगत नाय," ती म्हणाली. "खेळातलं तरी कापायचं होतंस."

सुजीतला अचानक बोईसरच्या रिक्षेची आठवण झाली.

दिपेशनं पुस्तक जुन्या नियमांवरच ठेवलं. हाकेचा नियम पहिल्या पानावर आला, चौकटीशिवाय. दुकानात ते आता तळाला आहे, इतकं खाली की मलाही शोधावं लागतं, आणि कॅनडातून फोटो येणं बंद झालं आहे. सुजीतचा राक्षस वरच्या रांगेत पाच घावांत मरतो आहे. दिपेशच्या जिवाला हे लागतं, पण तो बोलून दाखवत नाही.

मुखपृष्ठावर सुरी परत काढायची म्हणून मी काकांकडे गेले. जुनं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, मग माझ्या हातात भाजीची सुरी देऊन मनगट धरून वळवलं. माझ्या चित्रातल्या सुरीचं पातं उलटं होतं, तिनं दोर कधीच कापला गेला नसता. चार वर्षं ते चित्र दिपेशच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर होतं.