पह्यल्या नंबराची विहीर

शिजलेल्या तुरीच्या डाळीचा एक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा आणि त्याचं पीठ झालं की समोरच्याकडे ऐटीत बघायचं, ही भाऊंची सवय. "पाह्यलं? एकच उकळी!" मग लोटाभर पाणी हातात देत आणि लोटा रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसत.

नव्वदच्या दशकात मी वर्ध्याला पाणी तपासणीच्या कामावर होतो. बाटल्यांची पेटी घेऊन एसटीने गावोगाव हिंडायचं. कारंज्याकडच्या त्या गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत. विहीर त्यांच्या अंगणातली, घरची. पण गावातल्या प्रत्येक लग्नाची डाळ तिच्याच पाण्यावर शिजे. बाकीच्या विहिरींच्या पाण्यात दाणे कडकच राहत, म्हणून बैलबंडीत ड्रम टाकून माणसं इथे येत. लग्नात नवरदेवाच्या खालोखाल तोरा भाऊंचाच.

माझ्या यादीत फक्त पंचायतीच्या विहिरी होत्या. भाऊ रुसले.

"आमच्या विहिरीनं काय पाप केलं साहेब? घ्या न पाणी. साऱ्यात पह्यला नंबर नाई आला तं सांगजा!"

त्यांचं मन मोडवेना. बाटली भरून घेतली.

नंबर पहिलाच आला, फ्लोराइडमध्ये.

कागद घेऊन गेलो. "पण डाळ तं शिजते न!" एवढंच ते म्हणाले. डाळ शिजली म्हणजे पाणी पिण्याजोगं असं नसतं, फ्लोराइडला चव नसते, लहानपणापासून ते पोटात गेलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, हे सगळं मी शहाण्यासारखा सांगत सुटलो. भाऊ दाराकडे बघत होते. तिथे त्यांची दहाबारा वर्षांची मुलगी उभी होती.

"मी इले मारलं साहेब," ते म्हणाले. "दात घासत नाई म्हणून. रोज राखुंडी घेऊन बसे बिचारी. तरी मारलं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तुम्ही असता तर तुम्हालाही वाटलं असतं.

त्यानंतर भाऊ विहिरीशी ठाण मांडून बसू लागले. कोणी घागर घेऊन आली की म्हणत, "धुण्याले ने, आंगधुण्याले ने. प्याले-शिजवाले नाई देत." लग्नघरं रुसली. भाऊ माजले, असंही लोक बोलले. ज्यांच्या दारातून कधी कोणी तहानलेला गेला नव्हता, त्यांनी हे मुकाट्याने ऐकून घेतलं. मुलीसाठी मात्र सायकलला कॅन बांधून शेजारच्या गावाहून पाणी आणत.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी भाऊ गेल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेलो. मुलगी सासरहून आली होती.

"शेवटच्या दिवशी बाबानं आपल्याच विहिरीचं पाणी मांगतलं," ती म्हणाली. "मी चमच्यानं पाजलं."

"काही बोलले?"

"म्हणे, गोड हाये. पण तू नोको पेऊ, माय."