खाडीच्या गाळातले शंख

माझी मैत्रीण वसुधा खाडीतल्या गाळाचा अभ्यास करते. सकाळच्या ओहोटीला तिने चिखलात लांब नळी खुपसून गाळ काढला आणि आमच्या ओटीवर सूक्ष्मदर्शक मांडला. शेजारची सुलभावहिनीही येऊन बसली. ती आयुष्यभर याच खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत आली. हल्ली त्या मिळेनाशा झाल्यात.

भिंगाखाली वाळूच्या कणाएवढे शंख दिसले.

"हे फोरामिनिफेरा, एकाच पेशीचे जीव," वसुधा म्हणाली. "खालच्या, जुन्या गाळात बघा किती सुबक आहेत. वरच्या थरात थोडेच उरलेत, तेही वेडेवाकडे. पाणी बिघडलंय."

वहिनी बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती. "खाडी परत बरी होईल काय गो?"

"खूप खाली असाच एक ओसाड थर आहे, वहिनी. त्याच्यावर पुन्हा जीव आलेत. पण मधे कित्येक पिढ्या गेल्या असतील."

मीही भिंगातून पाहिलं. आपल्या पायांखाली किती आयुष्यं अशी निमूट निजलेली असतात! एका माणसाची वाट बघणं त्या गाळात बोटभरही जागा व्यापत नसेल.

"म्हणजे मला नाही, पण कुणाला तरी तिसऱ्या मिळतील," वहिनी म्हणाली. मग तिने पदर खोचला आणि टोपली घेऊन ती चिखलात उतरली.