घंटीचं बटण
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की तुर्भ्याच्या घरातली ती दुपार आठवते. व्हिडिओ गेमचं दुकान बंद केल्यावर वडिलांनी एकच मशीन घरी आणलं होतं. कंपवाताने त्यांचे हात थरथरायचे. खेळाची दांडी घट्ट धरता यायची, पण नाणं फटीत जाण्याआधीच निसटून फरशीवर पडायचं. मी टाकायला गेले की ते म्हणायचे, “ठेव खाली. मी टाकीन तवाच खेलन.” मग दिवसभर खेळ होत नसे. म्हणून मी दाराच्या घंटीचं बटण आणलं, मशीनला भोक पाडून बसवलं आणि नाणं पडल्यावर दबणाऱ्या स्विचला त्याच्या तारा जोडायला घेतल्या. “आता पाहुनं दाराशी नाय, मशीनपाशी येतील,” ते खुर्चीतून म्हणाले. पहिल्यांदा जोड सुटला. दुसऱ्यांदा माझं बोट भाजलं. तिसऱ्यांदा जोड टिकला. त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं, तर पडद्यावर एकाऐवजी दोन क्रेडिट, म्हणजे दोन डाव, आले. बटण स्वस्तातलं होतं, एकदा दाबलं तरी आत दोनदा टेकत होतं. मी पुन्हा स्क्रू काढू लागले. दुकानात त्यांनी मला कधीच खेळू दिलं नव्हतं. गिऱ्हाइकाची जागा अडते, म्हणायचे. “राहू दे, बाय,” खुर्ची बाजूला सरकवत ते म्हणाले. “दुसरा डाव तुजा.” मशीन आता उलव्यात माझ्या घरी आहे. त्यातलं बाकी सगळं मी दुरुस्त करून घेतलं, ते बटण सोडून.