उजवीकडून पहिला प्लॉट

कचेरीत आले की काका आधी माझ्या टेबलावर नकाशा पसरायचे. गुंडाळलेला कागद सारखा मिटायचा. मग एका कोपऱ्यावर माझी दौत, दुसऱ्यावर टाचण्यांची डबी, तिसऱ्यावर माझाच चहाचा कप आणि चौथ्यावर त्यांची काळी टोपी. "कच्चा आहे, रावसाहेब. खोडा, पुसा, शिव्या द्या. पक्का झाल्यावर मात्र बोलायचं न्हाय."

मी तेव्हा उस्मानाबादला नगरपालिकेत बांधकामाच्या टेबलावर कारकून होतो. गावाभोवतीच्या शेतांत नुकते प्लॉट पडू लागले होते. कोणता तुकडा कुठं, रस्ता कुठून, मोकळी जागा किती, हे दाखवणारा कच्चा नकाशा आधी आमच्याकडे तपासणीला यायचा. त्यातले बहुतेक यांच्याच हातचे. निजामाच्या अमदानीत ते जमीनमोजणीत होते, शिक्षण सगळं उर्दूतून. गाव त्यांना नक्शेवाले म्हणायचं, मी काका म्हणायचो.

राज्य बदललं, कागद मराठी झाले आणि नकाशाचा आराखडा झाला. काकांना तो शब्द सोसेना. "आराखडा! घशात हरभऱ्याचं टरफल अडकल्यावानी वाटतं. नक्शा म्हणा, कसा सुळकन जातो!"

त्यांना एक खोड होती. प्लॉटच्या नुसत्या रेघा मागितल्या, तरी ते प्रत्येक प्लॉटवर घर काढायचे, दारात तुळससुद्धा. आम्ही लाल पेन्सिलीनं सगळ्या तुळशी खोडायचो. पुढच्या नकाशात त्या पुन्हा उगवलेल्या असायच्या. त्यांच्या हट्टापुढं आम्ही हात टेकले होते.

मग काही शिक्षक-कारकुनांनी मिळून येडशीच्या रस्त्याला एक शेत घेतलं. त्यात काकाही होते. प्लॉट एका ओळीत. पूर्वेचं टोक उंच आणि कोरडं, पश्चिमेचं ओढ्याला लागून, कायम ओलं. कच्च्या नकाशावर आकडे घालून चिठ्ठ्या टाकल्या. मुलींच्या शाळेतल्या एका बाईंना पूर्वेचा पहिला प्लॉट निघाला. त्यांच्या आईला दमा होता. कोरडी जागा मिळाली म्हणून बाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. काकांना निघाला शेवटचा, ओढ्याकाठचा.

नकाशा तपासणीला आला आणि नव्या इंजिनिअरसाहेबांनी शेरा मारला, "क्रमांक डावीकडून घालावेत." काकांचा उर्दू हात. त्यांनी सवयीनं उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून मोजलं होतं, आणि ते माझ्यासकट कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं आकडे फिरवले. नकाशा मंजूर झाला. चिठ्ठ्यांची आठवण कुणालाच राहिली नाही.

मंजुरी हातात पडल्यावर गोंधळ उडाला. बाईंचा एक नंबर ओढ्यात गेला आणि काकांचा शेवटचा नंबर उंचावर आला. ज्यांचा प्लॉट ओढ्यापासून लांब सरकला होता, ते म्हणू लागले, "चिठ्ठीत आकडा निघाला होता, जागा न्हाय." बाकीचे म्हणाले, "नक्शेवाल्यानं आपली बरी सोय लावली!"

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी टोपी काढली नाही.

"मंजुरी परत घ्या, रावसाहेब."

"काका, पक्का झालाय तो. पक्क्यावर बोलायचं नाही, असं तुम्हीच म्हणता."

"व्हय, म्हणतो. पण हात माझा चुकला. बाईंच्या आईनं ओलीत खोकत बसायचं, अन् मी उंचावर ऊन खात? असलं घर मला न्हाय लाभायचं."

मंजुरी रद्द करायला सगळ्यांच्या सह्या लागणार होत्या. काका दारोदार फिरले. काहींनी तोंडावर दार लावलं, तर हे ओट्यावर बसून राहायचे. सही होईपर्यंत उठायचे नाहीत. बांधकामं एक पावसाळा लांबली, त्याच्याही शिव्या यांनीच खाल्ल्या. नवा नकाशा आला तेव्हा साहेबांनी भुवया उंचावल्या.

"पुन्हा उजवीकडून?"

"साहेब, नशिबं उजवीकडून निघालीत. आता तुमीच सांगा, कुठून मोजू?"

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. मला मात्र त्या वेळी हसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं.

ओढ्याकाठी काकांनी घर बांधलं नाही. ते मुलाकडं हैदराबादला गेले, आणि तिथूनच ते गेल्याचं कळलं. कितीतरी दिवस टेबलावर आलेला कुठलाही नकाशा मला ओकाबोका वाटायचा.

त्या ओळीत आता घरं झाली आहेत. शेवटच्या प्लॉटवर नुसतं गवत आणि हद्दीचे दगड आहेत. नवा पोस्टमन आला की हमखास डावीकडून सुरुवात करतो. त्या गवतासमोर सायकल उभी करून ओरडतो, "एक नंबर कुठंय?"

वरच्या टोकाला, कोरड्या ओट्यावर उन्हात बसलेल्या बाईंच्या आई तिथूनच एका दमात हाक देतात, "इकडं ये, बाबा! आमच्यात इकडून मोजतात!"