आकाशातल्या दोरासाठी वाडी

अवकाशात सामान चढवणारा दोर उभारायला आमच्या एडवण गावातली वाडी खरोखर लागते का, हे मला ठरवायचे होते. एक परका माणूस त्यासाठी शेजारच्या काकांची चिकूची वाडी मागत होता. दोर ताठ कसा राहील हे तो सुतळीला दगड बांधून, गरगर फिरवून दाखवी. नजर मात्र आकाशाकडे नव्हे, कुंपणाकडे असे.

"गुरुजी, देऊ का नाय?" काका म्हणाले. "का नुसती माकडं चढायची त्यावर?"

मी त्या माणसाला विचारले, "असा दोर विषुववृत्तावर सोयीचा, तिथे पृथ्वीच्या फिरण्याने तो सरळ वर ताणला जातो. मग एडवण कशाला?"

"ते नंतर बघू. आधी सही होऊ द्या."

काकांनी त्याचे पेन परत केले. दोराची कल्पना मला आजही अशक्य वाटत नाही. तुमच्याकडे कोणी अशी जागा मागितली, तर विषुववृत्त कुठून जाते ते नकाशात स्वतः पाहा.