अप्पा दाभाड्यांचं सीमोल्लंघन

अप्पा दाभाडे चहाला येणार म्हटलं की आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत लोक आधी कॉम्प्युटरवर चादर टाकत आणि मग आधण ठेवत. कारण अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक सीडी असे. तुम्ही साखर आणायला आत वळलात, की परत येईपर्यंत तुमच्या यंत्रातलं विंडोज साफ आणि पडद्यावर लिनक्सचा पेंग्विन पोट पुढे काढून उभा! खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस. उडवणं हाडात मुरलेलं. आमचा मिक्सर वाचला तो केवळ त्याला पडदा नव्हता म्हणून.

"अहो, यंत्राबरोबर आलंय तेच चालवायचं? लग्नात मिळालेला सूट रोज घालून भाजी आणता का?" हे अप्पांचं ठरलेलं.

दसऱ्याला तर त्यांना ऊत येई. "लोक वेस ओलांडतात, आम्ही हार्ड डिस्क."

त्या वर्षी ते सोनं द्यायला आले तेव्हा आमची ही स्वयंपाकघरात होती आणि मी आतल्या खोलीत फोनवर. अमेरिकेहून लेक सांगत होती, बाळाचा फोटो ईमेलनं पाठवलाय. आमची पहिली नात! जन्मून आठवडा झाला तरी तोंड पाहिलेलं नाही. फोन आपटून मी बाहेर धावलो, तर कॉम्प्युटरपुढे अप्पा. चेहरा पडलेला.

"जुनं पुसलं," ते म्हणाले, "पण नवं चढेना. सीडी अडकलीय."

टाचणी घालून कप्पा उघडला, तर सीडीखाली झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता. हिनं सकाळी यंत्राची पूजा केली होती आणि अप्पांनी घाईत न बघताच सीडी वर ठेवली होती.

"वहिनी, अहो, आत तांदूळ?"

"मग? यंत्रानं ताट पुढे केलं, ते रिकामं परत पाठवू? ते राहू द्या. माझं बाळ कुठाय?"

सायबर कॅफे सणाचे बंद. हिच्या हातातलं उलथनं बघून अप्पा तीरासारखे घरी गेले आणि आपल्या नातवाचा गेम खेळायचा डबा काखोटीला मारून आले. "यात गणपतीतच लिनक्स घातलंय. नातू अजून बोलत नाही माझ्याशी."

डबा टीव्हीला जोडला, इंटरनेटची वायर खुपसली. ज्या बटणानं पोरं मोटारी आपटतात, ते दाबत दाबत अप्पांनी एकेक अक्षर उमटवून माझं ईमेल उघडलं. आणि टीव्हीभर नात उमटली. पलंगाएवढी. आणि कैरीसारखी हिरवीगार!

"अहो, हिरवी आहे ही!" ही किंचाळली.

"रंगाचं काम बाकी आहे, वहिनी. तूर्त नाक बघा."

ही टीव्हीला चिकटून बघत राहिली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "नाक माझ्या आईचं." मी रोलच्या कॅमेऱ्यानं टीव्हीचाच फोटो काढून घेतला.

अप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पुढे नातीचे पोतंभर रंगीत फोटो आले; ते कपाटात आहेत. भिंतीवर हिनं हिरवाच लावलाय. पाहुणे दचकतात. ही शांतपणे सांगते, "नात आमची, रंग अप्पांचा."