मी काकांना येऊ नका म्हणाले

"यांच्यात नॉर्मल कोण आहे? मला त्यांच्याशी बोलायचंय."

तपासणीला आलेल्या मॅडमनी हे मला विचारलं. जरा वाकून, हळू आवाजात. समोर सतरंजीवर आमचा गट बसला होता. अकरा जण. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी इस्त्रीची साडी नेसले होते. हातात फाइल होती. त्यांना वाटलं, ही पगारी समाजसेविका असणार.

"नॉर्मल म्हणजे?"

"म्हणजे, हे सगळं चालवतं कोण?"

"आम्हीच. इथे सगळे पेशंटच आहेत. मीसुद्धा. बायपोलर. दोनदा ॲडमिट होते."

मॅडमनी शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. मग कौतुकाने म्हणाल्या, "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून." विहाराच्या भिंतीवरच्या तसबिरींवरून त्यांची नजर फिरली. "खरं सांगू? हे डिप्रेशन वगैरे तुमच्या लोकांतही असतं, मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ही थेरं आमच्याकडची."

आणि मी हसले. त्यांनी विनोद केला होता ना, म्हणून हसले. त्या हसण्याची लाज अजून वाटते. पण त्याहून मोठी लाजेची गोष्ट मी त्या दिवशी सकाळीच करून बसले होते.

विश्रांतवाडीच्या या विहारामागच्या खोलीत आम्ही दर गुरुवारी दुपारी चारला जमायचो. डॉक्टर नाही, कौन्सेलर नाही. ज्याला त्रास होतोय तो बोलतो, ज्याला तोच त्रास होऊन गेलाय तो ऐकतो. नियम दोनच. इथे कोणी कोणाला "गोळ्या घेतल्या का?" असं विचारायचं नाही. गोळ्या आम्ही घेतो. पण घरातून निघेपर्यंत तो प्रश्न चारदा ऐकलेला असतो. दुसरा नियम चहाचा. गुरुवारी जो आला नाही, त्याच्या दारात शुक्रवारी दोघांनी थर्मासमधून चहा न्यायचा. का आला नाहीस, विचारायचं नाही. सोबत बसून चहा प्यायचा आणि उठायचं.

हा चहा गायकवाड काकांनी सुरू केला. गटही त्यांनीच सुरू केला. काका कसबा पेठेत एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. तीस वर्षं. मग कॉम्प्युटर आले, मालकाने खिळे भंगारात काढले आणि काकांना घरी पाठवलं. त्यानंतर ते आजारी पडले. बोटं मात्र थांबली नाहीत. बसल्या बसल्या हवेतून अक्षरं उचलतात, डाव्या तळहातावर जुळवतात, आणि ओळ पुरी झाली की मोठ्याने वाचून दाखवतात. मध्येच. समोर कोणीही बोलत असो.

ज्या कॉम्प्युटरने काकांचं काम नेलं, त्यानेच मला काम दिलं. आमच्या घरातली मी पहिली इंजिनिअर. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. मी दुसऱ्यांदा दवाखान्यातून घरी आले, तेव्हा त्याच गल्लीत आईने खिडकीचा पडदा दिवसाही ओढून ठेवला. मी दार उघडत नव्हते. कोणालाच. मी तेव्हा गटात नव्हते. गल्लीतून कळलं म्हणून काका अकरा शुक्रवार आले. चहा प्यायचे, माझा कप पायरीवर भरून ठेवायचे, दाराबाहेरून एक ओळ वाचायचे आणि जायचे. बाराव्या शुक्रवारी मी दार उघडलं. माझ्यासाठी काका म्हणजे हे.

आणि त्याच काकांना मी त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता जाऊन सांगितलं, "काका, आज नाही आलात तरी चालेल. बाहेरचे पाहुणे आहेत. तुम्ही आराम करा."

कारण सांगते. विहाराचं नवं बांधकाम निघालं होतं, मागची खोली पाडणार होते. एका आयटी कंपनीचा ट्रस्ट आम्हाला कायमची खोली द्यायला तयार होता. त्याआधी फक्त मूल्यमापन. गटामुळे काय फरक पडला ते तपासायला मॅडम येणार, आणि त्यांनी होकार दिला की खोली आमची. मला खोली हवी होती. खोली गेली तर गट विस्कटेल, ही भीती माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली होती. काका मध्येच ओळ वाचतील, मॅडम बिचकतील, झालं.

काकांनी दुपारी चारच्या बैठकीसाठी सकाळी नऊलाच इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझं बोलणं ऐकून त्यांची बोटं थांबली.

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

तर दुपारी मॅडमनी फॉर्म काढला. ॲडमिट किती वेळा? नोकरी आहे का? घरच्यांना त्रास देता का? आणि मग एकेकाला बोटाने दाखवत, "तुम्ही गोळ्या घेता ना नियमित?" आमचा पहिलाच नियम त्यांनी सतरंजीवर बसून मोडला. रिक्षा चालवणारे, घरकाम करणारी, कारकून, सगळे पहिलीतल्या मुलांसारखे "हो मॅडम, हो मॅडम" करायला लागले. चहाबद्दल फॉर्मवर एकही रकाना नव्हता. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "हो, गोड आहे ते. पण ते मोजता येत नाही ना."

मग फॉर्म आवरता आवरता म्हणाल्या, "छान शांत आहेत हो सगळे. मला धाकधूक होती, कोणी बडबडणारं वगैरे असेल. तशांना घरी आराम करू दिलेलाच बरा."

आराम. हा शब्द मी आधीही ऐकला होता.

पहिल्या आजारपणानंतर मी ऑफिसला परत गेले होते तेव्हाची गोष्ट. दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजर डेस्कपाशी आला. आवाज मऊ, चेहरा काळजीचा. "उद्या क्लायंट व्हिजिट आहे. तू उद्या येऊ नको. आराम कर." मला तर बरं वाटत होतं. कोड माझा होता. प्रेझेंटेशन मी बनवलं होतं. पण घरी आईला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी आयकार्ड गळ्यात घालून, डबा घेऊन निघाले आणि आळंदीची बस पकडली. आळंदी, विश्रांतवाडी, पुन्हा आळंदी. दिवसभर. कंडक्टर तिसऱ्या फेरीला म्हणाला, "काय मॅडम, कंपनी बसमध्येच काढली का?" डबा तसाच परत आणला. पुढच्या व्हिजिटला पुन्हा आराम. तिसऱ्या वेळी मी राजीनामा दिला, आणि त्यांनी किती पटकन घेतला!

आता मीच तो मॅनेजर झाले होते. तोच मऊ आवाज. तोच शब्द. शिकले तर शिकले हेच.

मी फाइल मिटली. "मॅडम, फॉर्म अपुरा आहे. एक माणूस कमी आहे."

"कोण?"

"ज्यांनी हा गट सुरू केला ते. ते स्वतःशी बोलतात. तुम्हाला दिसू नयेत म्हणून मी त्यांना सकाळी येऊ नका म्हणाले."

चहा करणाऱ्या लताताईने हातातली गाळणी खाली ठेवली. धानोरीची ती. तिला वाटलं होतं, काकांना बरं नसेल. "तू सांगितलंस? तू?" एवढंच बोलली.

"अहो, त्यात काय एवढं," मॅडम म्हणाल्या. "उलट समजूतदारपणा आहे तो."

"नाही. लाचारी आहे ती. माझी. आणि तुम्ही मघाशी विचारलंत ना, आमच्या लोकांत डिप्रेशन असतं का? आमच्या लोकांना डोकी असतात, मॅडम. म्हणून ती बिघडतातही. मी मघाशी हसले, ते हसणं परत घेते. आणि नॉर्मल माणसाशीच बोलायचं असेल, तर इथे तसं कोणी नाही. ती जागा फॉर्मवर रिकामी ठेवा."

त्यांनी पर्स खांद्याला लावली. "तुम्ही एक्साइट झालाय," म्हणाल्या. आम्ही रागावलो की तो राग नसतो. लक्षण असतं.

मी चप्पल घातली आणि काकांकडे गेले. तीन गल्ल्या. ते पायरीवरच बसले होते. तोच शर्ट.

"पाहुणे गेले का?"

"नाही काका. तुम्ही चला. त्यांच्यासमोर चला."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाले, "सकाळी लपवायचं होतं. आता दाखवायचंय. मी कधी नुसता येऊ?"

मी एकटीच परत आले तेव्हा मॅडमची गाडी निघून गेली होती.

रिपोर्ट आला. गट सहकार्य करत नाही, चालकांची मनःस्थिती अस्थिर. खोली मिळाली नाही. विहारामागची खोलीही पाडली. आता आम्ही महापालिकेच्या बागेत शेडखाली बसतो. जॉगिंगवाले बघतात. बघू देत.

त्या गुरुवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी थर्मास भरताना मी थांबले होते. काकांना मीच येऊ नका म्हटलेलं, मग ही गैरहजेरी धरायची कोणाची? लताताई म्हणाली, "तुझी. पण चहा त्यांच्याच दारात जाईल. चल, मी हाय." तेव्हापासून दर शुक्रवारी जातो. काका दार उघडत नाहीत. आम्ही चहा पितो, त्यांचा कप पायरीवर भरून ठेवतो. मला ओळ जुळवता येत नाही, म्हणून नुसती बसते. माफी मागत नाही. दारात जाऊन माफी मागणं म्हणजे आत बसलेल्याला मला माफ करायच्या कामाला लावणं.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ट्रस्टचा फोन आला. त्यांनाही मूल्यमापन करायचंय. खोलीचं बघू म्हणतात. "तुमच्यातले थोडे स्टेबल असे निवडून ठेवाल का?"

"निवडणार नाही. येतील तेवढे सगळे येतील. बडबडणारे पुढे बसतील. आणि प्रश्न आधी आमचा असेल."

प्रश्न आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. तुम्ही कोणाला येऊ नका म्हणालात? येणाऱ्या प्रत्येकाने त्याचं उत्तर लिहायचं, ट्रस्टवाल्यांनीही. पहिलं उत्तर माझ्या अक्षरात आहे, तारखेसकट, सहीसकट. काका उद्या आले तरी मी ते खोडणार नाही. आणि आमच्या गटातल्या दुसऱ्या कोणाला त्याखाली तसं उत्तर लिहायची वेळ मी येऊ देणार नाही. मग खोली मिळो न मिळो.